मधली बांधी

कुडव्यात एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या होत्या आणि त्या दोन खोल्यांना त्यांचे मालक नंदलालजी ‘कंपनी’ म्हणत. बाहेर इंग्रजी पाटी होती, पण ती वाचून कोणी वर आल्याचं ऐकिवात नाही. जे वर येत त्यांना बहुधा पंक्चर काढायचं असे. या कंपनीत अंजू लंजे नावाची मुलगी कामाला होती. मुलगी म्हणायचं ते सवयीनं. एव्हाना तिशी तिच्या उंबऱ्यावर येऊन बसली होती आणि नात्यातली माणसं तिच्या लग्नाचा विषय काढून काढून थकली होती. अंजू स्वतःही थकली होती, पण लग्नाच्या विषयाने नव्हे.

तिचं काम सांगायला सोपं होतं. कंपनी प्रोग्राम बनवायची. राइस मिलसाठी, शाळेच्या दाखल्यांसाठी, कोणी म्हणेल त्यासाठी. लिहिणारे दोघं, टिकेश बिसेन आणि कुशल. सगळा प्रोग्राम कोपऱ्यातल्या एका मशीनवर असे. दोघांनी त्याची प्रत आपापल्या मशीनवर घ्यायची, तिच्यात बदल करायचे आणि ती परत कोपऱ्यातल्या मशीनवर चढवायची. या चढवण्याला कमिट म्हणत. दोघांनी वेगवेगळ्या ओळींना हात लावला असेल तर मशीन मुकाट्याने दोन्ही बदल एकत्र करून घेई. एकाच ओळीला दोघांचा हात लागला की मात्र अडून बसे. वर एकाची ओळ दाखवी, खाली दुसऱ्याची, मध्ये बरोबरच्या चिन्हांची एक लांब रेघ ओढी आणि म्हणे, कॉन्फ्लिक्ट. कोणाचं ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा. हे बघायचं काम अंजूचं होतं.

खरं तर हे ज्याचं त्याने बघायचं असतं. पूर्वी तसंच चालायचं. पण एके दिवशी टिकेशसमोर असा कॉन्फ्लिक्ट आला आणि या पठ्ठ्याने खाली न वाचता ‘माझंच ठेव’ असं बटण दाबलं. कुशलचं आठवडाभराचं काम गेलं. कुशल गोंदियात वाढलेला, हिंदीत विचार करणारा आणि हिंदीतच चिडणारा. तो नंदलालजींसमोर म्हणाला, “गाँव से उठ के आ जाते हैं, और इंजीनियर बन जाते हैं.” टिकेशने त्यावर पवारीत, म्हणजे आपल्या घरच्या बोलीत, दोन वाक्यं ऐकवली, ती कुशलला समजली नाहीत, पण सूर समजला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. टेबलं भिंतींकडे सरकली, पाठीला पाठ लागली आणि मधल्या दीड हात जागेत अंजूची खुर्ची आली.

“अंजू, त्याले सांग, तारखेचा फॉर्मॅट बदलवू नको म्हना,” टिकेश म्हणायचा. आणि ‘तो’ हात लांब केला तर हाताला लागेल इतक्या अंतरावर बसलेला असायचा.

“बोल दो उसको, मैंने नहीं बदला,” कुशल भिंतीला सांगायचा.

अंजू दोघांना सांगायची. मान आधी डावीकडे, मग उजवीकडे. संध्याकाळी खोलीवर गेल्यावर तिची मान दुखायची आणि घरमालकीण म्हणायची की उशी बदलून बघ.

या सगळ्यात अंजूने आपली एक रीत पाडून घेतली होती. जमेल तिथे दोघांचीही ओळ ठेवायची. अमुक असेल तर टिकेशची, तमुक असेल तर कुशलची, अशी मध्ये एक अट घालायची आणि दोघांनाही जिवंत ठेवायचं. टिकेश रोज सकाळी येऊन आपल्या ओळी शाबूत आहेत का ते तपासायचा. एखादी गेलेली दिसली की दिवसभर तोंड फुगवून बसायचा, आणि फुगलेल्या तोंडाचा माणूस दीड हातावर असला की दुसऱ्याने काम करावं तरी कसं. कुशलचं तऱ्हेवाईकपण वेगळं होतं, पण त्रास तेवढाच. म्हणून अंजू कोणाचं मन मोडायची नाही. नंदलालजी तिला समजदार म्हणायचे. माझ्या मते त्यात समजदारी थोडी होती आणि भांडणाची धास्ती जास्त. ते तिलाही माहीत होतं, फक्त मान्य करायला सवड नव्हती.

त्यात ते २०११ साल. भारनियमन होतं. लाईट ठरल्या वेळी जायची आणि मनाला येईल तेव्हा यायची. इन्व्हर्टर होता, पण त्याच्यात दम नव्हता. त्यामुळे लाईट जायची वेळ जवळ आली की दोघंही एकदम कमिट करायला धावायचे, आणि सगळे कॉन्फ्लिक्ट नेमके त्याच वेळी अंजूच्या पुढ्यात पडायचे. ती वाचायची, निवडायची, ‘मिटलं’ असं बटण दाबायची, ते कोपऱ्यातल्या मशीनवर चढायचं आणि पंखा थांबायचा.

गोरेगावच्या पुढे कवडीटोला हे अंजूचं गाव. गावाला एक जुना तलाव आहे. तो बांधला अंजूच्याच समाजाच्या लोकांनी, कोहळ्यांनी, पण कधी ते कोणालाच सांगता येत नाही. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, पाणी सोडायचं दार आहे, त्याला तिकडे तुडूम म्हणतात. ते उघडायची लांब लोखंडी चावी अंजूचे वडील भैयालाल यांच्या घरी दाराशेजारच्या खुंटीवर असायची. त्यांच्या आधी ती त्यांच्या वडिलांकडे होती. ज्याच्याकडे चावी तो गावचा पाटकरी. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी पाणी जाईल ते त्याने सांगायचं आणि गावाने ऐकायचं.

गावाने ऐकायचं याला कारण होतं. कवडीटोल्यात पाणी एक वर्ष वरून सोडतात, एक वर्ष खालून. वरून म्हणजे तलावाला लागून असलेल्या बांधीपासून सुरुवात, खालून म्हणजे नाल्याकाठच्या शेवटच्या बांधीपासून. प्रत्येकाला वेळ सारखाच. आणि पाटकऱ्याची बांधी बरोबर मधोमध. जुन्या लोकांनी विचार करूनच ती त्या घराला दिली होती. वरून मोजा की खालून मोजा, त्याची पाळी त्याच दिवशी, त्याच वेळी येणार. ज्याला कुठल्याच बाजूने फायदा नाही, त्याच्या हातात चावी. भैयालाल या एका गोष्टीवर ताठ मानेने जगले. बाकी ताठ राहण्यासारखं त्यांच्याकडे फार नव्हतं आणि गुडघे तर वाकायलाही तयार नव्हते.

अंजूला त्या गुडघ्यांचंच वाईट वाटायचं. पाण्याच्या दिवसांत बाबा घरोघर जाऊन पाळी सांगत. धुऱ्याधुऱ्यावरून, म्हणजे शेतांच्या बांधांवरून, चिखलातून, काठी टेकत. लहानपणी ती त्यांचं बोट धरून जायची तेव्हा ती मागे राहायची. आता ते मागे राहत. म्हणून गावच्या पाणी संस्थेने नंदलालजींकडून मोबाइलवर पाळीचा मेसेज पाठवणारा प्रोग्राम करून घ्यावा, हे तिनेच घडवून आणलं. संस्थेचे लोक तयार झाले, कारण पोरगी भैयालालची. भैयालाल फक्त एवढंच म्हणाले, “मेसेज माह्याच नावाने जाईल ना?” ती हो म्हणाली. प्रत्येक मेसेजच्या शेवटी ओळ होती, ‘पाटकरी भैयालाल लंजे’. ती अंजूने स्वतः लिहिली होती.

पाळ्या लावायचं काम नंदलालजींनी दोघांनाही सांगून ठेवलं. असं ते नेहमी करत आणि मग विसरत. टिकेशने आपल्या गावचा हिशेब धरून ओळ लिहिली. वरून सुरू करा आणि मेसेज पाठवा. कुशलने कुठल्याशा सरकारी कागदात वाचलं होतं की शेवटच्या शेतकऱ्याला पाणी आधी द्यावं. त्याने लिहिलं, खालून सुरू करा आणि मेसेज पाठवा. दोघांनी अंजूला विचारलं नाही. एकमेकांना विचारायचा तर प्रश्नच नव्हता. लाईट जायची वेळ झाली, दोघांनी कमिट केलं आणि कॉन्फ्लिक्ट अंजूच्या पडद्यावर आला.

तिला पाहून हसूच आलं. टिकेश म्हणतो वरून, कुशल म्हणतो खालून, आणि आपल्या गावात दोघंही खरे, फक्त वर्ष पाहून. यंदा कुठून, तेही तिला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी पाणी वरून सुटलं होतं. मागच्या वर्षी पाऊस इतके दिवस पडत राहिला की तलाव उघडायची गरजच पडली नाही. मग ते वर्ष मोजायचं की नाही यावर गावात कुजबुज होती. वरच्या बाजूचे म्हणत मोजा, खालचे म्हणत मोजू नका. भैयालालनी ठरवलं होतं, पाणीच सुटलं नाही तर वर्ष कसलं, यंदा खालून. तिने फोन केला तेव्हा तिलाही त्यांनी तेच सांगितलं होतं.

म्हणजे कुशलची ओळ ठेवली आणि टिकेशची काढली तरी यंदाचं काम झालं असतं. पण मग उद्या सकाळी टिकेशचं तोंड. शिवाय पुढच्या वर्षी त्याची ओळ लागणारच होती. दोन्ही ठेवू, मध्ये वर्षाची अट घालू, असं म्हणून तिने बरोबरच्या चिन्हांची रेघ पुसली, दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या, लाईट जायच्या आत म्हणून आधी ‘मिटलं’चं बटण दाबलं आणि अट लिहायला बोटं ठेवणार तोच लाईट गेली. इन्व्हर्टरने एक शिट्टी मारली आणि मान टाकली.

उद्या करू, ती म्हणाली. उद्या एका राइस मिलवाल्याचं मशीन बंद पडलं आणि ती दिवसभर तिथे होती. परवा तिच्या डोक्यात एवढंच उरलं की तो कॉन्फ्लिक्ट आपण मिटवला. मशीनही तेच सांगत होतं. मिटलेल्या भांडणात पुन्हा कोण डोकावून पाहतं.

तपासणी मात्र तिने केली होती, तेवढी काळजी ती नक्कीच घ्यायची. एका नंबरवर चाचणीचा मेसेज पाठवून पाहायचा असतो. तिने बाबांचा नंबर टाकला. मग फोन करून विचारलं.

“आला का बाबा मेसेज?”

“आला. दोन आले.”

“दोन?”

“दोन्हीत एकच टाइम आहे. बरोबर आहे टाइम.”

नेटवर्कवाले कधीकधी एकच मेसेज दोनदा पाठवतात. अंजूने तसं बाबांना सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं.

दसरा झाला. पाऊस निघून गेला होता आणि उशिरा पिकणारं भारी धान नेमकं निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला, आलं होतं. अशा वेळी एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही मिळालं तर लोंबी पोकळ राहते. संस्थेने तलाव उघडायचं ठरवलं. यंदा तलावही अर्धाच होता. अंजूने ऑफिसातून एक बटण दाबलं आणि सगळ्या गावाला पाळीचे मेसेज गेले. बाबा आता घरीच बसून चहा पीत असतील, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशी ती जरा हलक्या पावलांनी खोलीवर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. धुरपताबाई फोनवर कधी रडायच्या नाहीत, तेव्हाही रडल्या नाहीत.

“अंजू, तुह्या बाबाले लोकं दोन तोंडाचा म्हनून राहिले. परवा मंदिरापाशी बसनार आहेत. चावी मांगून राहिले. तू ये.”

“काय झाला माय?”

झालं ते असं. प्रत्येकाला दोन मेसेज गेले. एका मेसेजात वरून धरलेली पाळी, दुसऱ्यात खालून धरलेली. तलावाला लागून बांधी असलेल्या हिरालालला एकात पहिला नंबर आणि दुसऱ्यात शेवटचा. नाल्याकाठच्या चैनलाल पटल्यांना नेमकं उलट. माणूस आपल्या सोयीचं तेच वाचतो. हिरालालने धरलं की भैयालालनी पाणी न सुटलेलं वर्षही मोजलं, यंदा वरून. चैनलालनी धरलं की यंदा खालून, ठरल्याप्रमाणे. सकाळी भैयालालनी तुडूम उघडलं आणि पाणी खाली सोडलं. वाटेत हिरालालने पाट फोडून ते आपल्या बांधीत घेतलं. पाणी का येत नाही म्हणून चैनलाल वर आले. दोघांनी एकमेकांना मोबाइल दाखवले. दोन्हीकडे खाली नाव एकच, पाटकरी भैयालाल लंजे.

मग फावडी उगारली गेली. कोणाचं डोकं फुटलं नाही, पण त्या झटापटीत पाटाचा काठ फुटला आणि पाणी सरळ नाल्याला लागलं. भैयालाल तुडूम बंद करायला निघाले, पण तलावाच्या पाळीवर चढायला त्यांना वेळ लागला. ते वर पोचेपर्यंत तलाव इतका उतरला होता की निम्म्या बांध्यांना आता पाणी मिळणार नव्हतं. आणि बघ्यांमधून कोणीतरी म्हणालं, यालाही हो म्हटलं, त्यालाही हो म्हटलं, पाटकरी दोन्ही डगरींवर हात ठेवून आहे.

अंजूने फोन ठेवला आणि प्रोग्राम उघडला. शोधावं लागलं नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक, शेजारी शेजारी राहणाऱ्या भावांसारख्या. मध्ये अट नाही. टिकेश मागून डोकावला आणि म्हणाला, “ही खालची लाइन कुशलची आहे.” कुशल आपल्या जागेवरून म्हणाला, “ऊपर वाली किसकी है, पूछो उसको.” आणि बदल कोणी चढवला त्या जागी मशीनने नाव लिहिलं होतं, अंजू.

नंदलालजींनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, “बेटा, नेटवर्क का प्रॉब्लम बोल देना. गाँव में कौन देखता है.” अंजू हो म्हणाली, कारण तिला हो म्हणायची सवय होती. मग ती बॅग घेऊन स्टँडवर गेली.

बसमध्ये खिडकीशेजारी जागा मिळाली. ती इतकी थकली होती की रडूही येत नव्हतं. आयुष्यभर आपण एकच गोष्ट शिकलो, तिला वाटलं, दोघांच्या मध्ये बसायचं आणि दोघांनाही राजी ठेवायचं. बाबाही मध्येच बसत आले. पण बाबा मध्ये बसून एकाला नाही म्हणत. दर वर्षी अर्ध्या गावाला नाही म्हणत आणि तरी ते अर्धं गाव त्यांना राम राम करी. हे तिला आज समजत होतं, आणि आज समजून त्याचा काही उपयोग नव्हता.

मारुतीच्या मंदिराच्या चबुतऱ्यावर लोक जमले. भैयालाल एका टोकाला बसले होते, चावी पुढ्यात ठेवून. कोणी काही बोलायच्या आधी अंजू उभी राहिली. नेटवर्कचं नाव तिच्या जिभेवर आलंही होतं.

“बाबाने एकच सांगतला होता, यंदा खालून,” ती म्हणाली. “प्रोग्राम लिहिणाऱ्या दोघांनी दोन वेगळ्या ओळी लिहिल्या. त्यातली एक मले काढायची होती. मी दोन्ही राहू दिल्या. एक मेसेज जायचा, तं दोन गेले. बाबाची चूक नाही, मशीनचीही नाही. माही आहे.”

चैनलाल पटले गावातले मोठे शेतकरी, आवाज भारदस्त. त्यांनी विचारलं, “तुले माहीत होता खालून आहे म्हनून?”

“होता.”

“मंग दुसरी ओळ कायले ठेवली बाई?”

टिकेश फुगून बसला असता, हे लोंब्या पोकळ राहायच्या काळजीत बसलेल्या त्या लोकांना अंजूने कसं सांगायचं. मग हिरालालनेच तोंड उघडलं. त्याला आपल्या फावड्याची लाज वाटू लागली असावी.

“पोरीच्या हातून झाला. आपल्याही पोराईच्या हातून होते. तिनं लपवला तं नाही. चावी राहू द्या भैयालाल भाऊपाशीच.”

दोघाचौघांनी माना हलवल्या. चैनलालनीही हलवली, जरा उशिरा. अंजू खाली बसली. तेवढ्यात भैयालालनी खिशातून मोबाइल काढला. त्यांना त्यातलं फारसं काही कळत नसे, पण मेसेज पुसायचा नसतो एवढं त्यांनी धरून ठेवलं होतं.

“मलेही दोन आले होते,” ते म्हणाले. “महिन्याआधी. पोरीनं तपासाले पाठवले होते. दोन आले तव्हाच मले समजाले पायजे होता. पन मी काय पायलो? माही बांधी पायली. माही पाळी दोन्हीत बरोबर होती. मी म्हनलो, बरोबर आहे.”

“अरे पन भाऊ, तुमाले काय ठाव,” हिरालाल म्हणाला.

“पाटकऱ्याने वरची बांधी पाहाची असते, खालची पाहाची असते. आपली नाही पाहाची. माहा बाप मले हेच सांगून गेला.” त्यांनी चावी दोन्ही हातांनी उचलली आणि चबुतऱ्याच्या मधोमध ठेवली. “मंगरूची बांधी माह्या धुऱ्याले लागून आहे. गुडघेही धड आहेत त्याचे. त्याले द्या.”

लोकांनी नको म्हटलं, पुष्कळदा म्हटलं. ते घरी निघून आले.

वाटेत अंजू त्यांच्याबरोबर चालत होती, त्यांच्या चालीने. त्यांनी विचारलं, “तुह्या ऑफिसातले ते दोघं, तू त्याईले सांगतली काऊन नाही, खालून आहे म्हनून?”

“सांगतली असती तं एक नाराज झाला असता बाबा.”

“होऊ द्याचा होता,” भैयालाल म्हणाले. त्यात राग नव्हता. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर त्यांनी काठी नेहमीसारखी दाराशेजारी टेकवली आणि रिकाम्या खुंटीकडे पाहिलंही नाही. आईने तिघांची ताटं वाढली. जेवण झालं.

सोमवारी ती कुडव्याला आली. टिकेश म्हणाला, त्याले सांग. कुशल म्हणाला, उसको बोलो. अंजूने आपली खुर्ची ओढून भिंतीशी नेली आणि दोघांना म्हणाली, “इकडे या. दोघंही.” तिचा आवाज काही चढलेला नव्हता, पण ते आले. एक डावीकडे उभा राहिला, एक उजवीकडे. तिने दोन्ही ओळी दाखवल्या आणि गावात काय झालं ते सांगितलं, तलाव किती उतरला तेही. टिकेशची ओळ तिने त्याच्या देखत काढून टाकली. कुशलने विचारलं, “अगले साल?” प्रश्न त्याने टिकेशला विचारला होता की अंजूला ते कळायला मार्ग नव्हता, पण उत्तर टिकेशने दिलं. म्हणाला, पुढच्या वर्षी कुठून ते पाटकऱ्यालाच विचारू, प्रोग्रामात पर्याय ठेवू, तो सांगेल ते. कुशल म्हणाला, ठीक है. बस, एवढंच. काही गळ्यात गळे पडले नाहीत. दुपारी पुन्हा पाठीला पाठ लागली, फक्त मधली जागा रिकामी होती.

एक काम राहिलं होतं. गावाहून निरोप आला होता की उरलेल्या पाण्याचे मेसेज मंगरूच्या नावाने जावेत. ते टिकेशला सांगता आलं असतं, कुशललाही. अंजूने कोणालाच सांगितलं नाही. मेसेजच्या शेवटची ती ओळ तिने उघडली. ‘पाटकरी’ हा शब्द तसाच ठेवला, पुढचं बाबांचं नाव एकेक अक्षर मागे जात पुसलं आणि तिथे मंगरूचं लिहिलं. मग लाईट जायच्या आधी कमिटचं बटण दाबलं आणि सवयीने कॉन्फ्लिक्टची वाट पाहत बसली.

आला नाही. त्या ओळीला तिच्याशिवाय दुसऱ्या कोणी कधी हात लावलाच नव्हता. मशीनने नवं नाव मुकाट्याने घेतलं.